पाकिटावरची दोन नावं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, भर दुपार. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं एक जोडपं समुपदेशनासाठी आलं. गड्याला गावात सगळे आप्पा म्हणतात, इथेही आप्पाच म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकी काही तपशील बदलले आहेत. वय 47, सात एकर रान, एक विहीर, खरिपात सोयाबीन आणि मागून हरभरा. आप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले होते. बोटं थरथरत होती आणि मान वळवायची वेळ आली की डोळे मिटून घेत होते. वहिनींनी पिशवीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"म्याडम, ही गोळी आता जन्मभर सुटायचीच नाही का ह्यांची?"

झालं होतं असं. दिवाळीनंतर आप्पांची झोप गेली. डोळा लागायचा, पण पहाटे तीनला उघडायचा तो उघडायचा. जेवण कमी झालं, पारावर बसणं बंद झालं, "अंगात जीवच नाही" एवढंच बोलायचे. छातीत धडधड म्हणून ईसीजी झाला, साखर झाली, थायरॉईड झालं. सगळं बरोबर निघालं. डिसेंबरात एका डॉक्टरांनी रात्री एक गोळी लिहून दिली, 15 दिवसांची. दुसऱ्याच रात्री झोप लागली, महिन्याभरात माणूस रानात जायला लागला. मग पुन्हा डॉक्टरांकडे कोण जातंय? रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवायचं, नवं आणायचं. असे पाच महिने गेले. मे महिन्यात मेहुणा आला, पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "दाजी, ह्या तर झोपेच्या गोळ्या हायत. सवय लागंल." त्याच रात्री गोळी बंद.

पहिली रात्र गेली कशीबशी. दुसऱ्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, घाम, हाताला कंप, लेकरांवर विनाकारण ओरडणं आणि मान वळवली की डोक्यात "करंट बसल्यागत" झटका. सहाव्या दिवशी ते आमच्यापुढे बसले होते. घरात तोवर निकाल लागला होता: बघा, लागली ना सवय!

गोळीची सवय लागते का, या प्रश्नाला "छे, या गोळ्यांची सवयबिवय काही लागत नाही" असं उत्तर सर्रास दिलं जातं. डॉक्टर देतात, समुपदेशकही देतात. हेतू चांगला असतो, पण उत्तर अर्धं असतं. डोक्यात करंट बसलेल्या माणसाला ते सांगून पाहा, तो पुन्हा तुमचं काही ऐकणार नाही.

म्हणून पाकीट हातात घेतलं. मेडिकलवाल्यानं कात्रीनं पाच-पाच गोळ्या कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर राहतं आणि तारीख दुसऱ्यावर. सुदैवानं हे पाकीट अख्खं होतं. मागच्या चंदेरी बाजूवर, मोठ्या अक्षरातल्या कंपनीच्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. एस्सिटालोप्राम 10 मिग्रॅ. क्लोनाझेपाम 0.5 मिग्रॅ. त्या आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून दोन बाजूंना दोन नावं लिहिली. पाच महिने ते एक गोळी घेत नव्हते, दोन औषधं घेत होते. हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी लिहिली जाते की घरात कुणाला "टेन्शनची गोळी" चालू असेल तर पाकीट पालथं करून पाहावं, बऱ्याचदा दोन नावं निघतील.

कागदाची डावी बाजू: एस्सिटालोप्राम. हे डिप्रेशनवरचं खरं औषध. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही त्याचीच भावंडं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन हे रसायन सोडतात आणि परत ओढून घेतात. ही औषधं ते परत ओढणं अडवतात. हे अडवणं पहिल्या गोळीपासून सुरू होतं, पण पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. म्हणून थोडा फरक दोन आठवड्यांत आणि नीट फरक चार ते सहा आठवड्यांत दिसतो. (सेरोटोनिन कमी पडलं म्हणून डिप्रेशन आलं, ही मात्र फार सोपी करून सांगितलेली गोष्ट आहे. रक्तात लोह कमी तशी ही तपासून कमी-जास्त सांगायची बाब नाही, आणि कुणी तशी "टेस्ट" विकत असेल तर पैसे वाचवावेत.) या औषधाची तलफ येत नाही, घेतल्या घेतल्या मजा येत नाही, काल एक लागली म्हणून आज दोन लागत नाहीत. व्यसनाची ही लक्षणं इथे नाहीत. पण शरीराला त्याची सवय होते हे खरं आहे, आणि ते अचानक काढून घेतलं तर शरीर कुरकुरतं. चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड आणि तो करंट, हे या डाव्या बाजूचं देणं.

उजवी बाजू: क्लोनाझेपाम. हे झोपेचं आणि घबराट खाली बसवणारं औषध, अल्प्राझोलामच्या कुळातलं. दुसऱ्याच रात्री झोप लागली ती याच्यामुळे, डाव्या बाजूच्या औषधाचा फरक तोवर दिसायलाही लागला नव्हता. याचा उपयोग खरा आहे: पहिले दोन-चार आठवडे, मुख्य औषध हाताशी येईपर्यंत, माणसाला झोप देणं. त्यापुढं रोज घेतलं तर याची सवय लागते, अगदी खऱ्या अर्थानं. हळूहळू तेवढ्यानं भागत नाही, आणि एकदम तोडलं तर झोप उडते, कंप सुटतो, मोठ्या मात्रेवरच्या माणसाला फिट येऊ शकते. दारूसोबत हे औषध घेणं जिवावरचं आहे, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

म्हणजे मेहुणा चुकला होता का? अर्धा बरोबर होता. पाकिटात झोपेचं औषध होतं आणि ते इतके दिवस चालायला नको होतं. फक्त त्याच्यासोबत डिप्रेशनचं औषधही खिडकीबाहेर गेलं, आणि दोन्ही एका रात्रीत गेली.

वहिनी कागदाकडे बघत होत्या. "मग आता कोणती सोडायची?"

ते ठरवणं समुपदेशकाचं काम नाही, आणि हे इथे ठासून लिहायला हवं, कारण हल्ली "अर्धी करून बघा" असा सल्ला सगळीकडे मिळतो. मात्रा डॉक्टर बदलतात. समुपदेशक डॉक्टरांपर्यंत नीट माहिती पोचवतो, आणि मधल्या काळात माणूस सांभाळतो.

त्या दिवशी तीन कामं झाली. पहिलं, पीएचक्यू-9, ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला 0 ते 3 गुण, एकूण 27. आप्पांचे 17 आले. 10 किंवा जास्त आले की उपचाराचा गंभीरपणे विचार करावा लागतो, 15 किंवा जास्त असले तर आजार बऱ्यापैकी जोरात असतो. गोळी तोडल्याचा त्रासही यात मिसळलेला होता, तशी नोंद केली. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. आप्पा थांबले, मग म्हणाले, "सकाळी उठूच नये वाटतं कधी कधी." असं उत्तर आलं की सरळ विचारायचं: कसं करायचं असं काही मनात आलंय का? कधी? विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं धरलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. आप्पांच्या मनात काही ठरलेलं नव्हतं. ठरलेलं असतं तर त्यांना घरी न पाठवता, एकटं न सोडता, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागलं असतं.

दुसरं काम घरातल्या औषधांचं, म्हणजे फवारणीच्या. आखाड्यावरच्या खोलीत खरिपासाठी आणलेल्या दोन बाटल्या होत्या. वहिनींनी त्या संध्याकाळीच चुलत दिरांच्या घरी कुलपात ठेवल्या आणि किल्लीही तिकडेच ठेवली. हे आप्पांना सांगून केलं, लपवून नाही. उपचाराचे पहिले काही आठवडे यासाठी जास्त नाजूक असतात: अंगात हुशारी आधी येते, मनावरचं मळभ नंतर हटतं, आणि मधल्या दिवसांत माणसाच्या हाती विचार अमलात आणण्याएवढं बळ असतं. वाईट क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो. त्या वेळात बाटली हाताशी नसणं याला फार मोल आहे. मानसोपचाराच्या गोळ्यांनाही हाच नियम. विशेषतः अमिट्रिप्टिलिनसारखं जुनं औषध एकदम जास्त पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. अशा वेळी 15 दिवसांच्या वर साठा घरात ठेवू नये आणि पाकीट दुसऱ्याच्या ताब्यात असावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

तिसरं काम डॉक्टरांसाठी चिठ्ठी. एक पान, त्याहून जास्त नाही. औषधाचं नाव आणि मात्रा, कधीपासून, कधी बंद केलं, बंद केल्यावर कोणत्या दिवशी काय झालं, पीएचक्यूचा आकडा, नवव्या प्रश्नाचं उत्तर. शिवाय दोन गोष्टी लोक कधीच आपणहून सांगत नाहीत. एक, बाकी काय चालू आहे. आप्पा कंबरदुखीसाठी महिन्यातून दोन-तीनदा गावातल्या डॉक्टरकडे "सुई" घेत होते, म्हणजे डायक्लोफिनॅक, आणि वर तीच गोळी. एस्सिटालोप्रामसोबत ही दुखण्याची औषधं वरचेवर घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला काळी झाली तर तडक दवाखाना. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी त्याहून वाईट: दोन्ही मिळून सेरोटोनिन जास्त चढतं, फिटही येऊ शकते. दुसरी गोष्ट, आधी कधी उलटं झालं होतं का? म्हणजे चार-आठ दिवस झोप न घेताही दमणूक नाही, बोलणं सुसाट, पैसा उधळलेला, वागणं घरच्यांना ओळखू न येणारं. असं झालेलं असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. आप्पांच्या बाबतीत तसं काही नव्हतं, वहिनींनी हसून सांगितलं, "ह्यांनी आजवर पैसा उधळला असता तर बरं झालं असतं."

दोन दिवसांनी लातूरला मानसोपचारतज्ज्ञांनी दोन्ही औषधं पुन्हा सुरू केली, पण वेगवेगळ्या पाकिटांत. सगळा डाव इथेच आहे. एका गोळीत दोन औषधं अडकली असतील तर एक ठेवून दुसरं कमी करता येत नाही. अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात. एस्सिटालोप्राम सकाळी नाश्त्यानंतर, आठ दिवसांचा खंड पडला म्हणून आधी 5 मिग्रॅ आणि पाच दिवसांनी 10. क्लोनाझेपाम रात्री 0.5, दोन आठवडे, मग 0.25, तीन आठवडे, मग त्याची अर्धी, दोन आठवडे, मग बंद. हा हिशेब आप्पांचा आहे, पाच महिने रोज 0.5 घेतलेल्या माणसाचा. कुणी वर्षानुवर्षं 2 मिग्रॅ घेत असेल तर त्याला महिने लागतात, तेव्हा हे आकडे उचलून आपल्या घरात लावू नयेत.

करंट चौथ्या दिवशी थांबला. पण सकाळच्या गोळीनं मळमळ आणि पातळ शौच सुरू झालं. हे पहिल्या आठ-पंधरा दिवसांचं दुखणं आहे, पोटातही सेरोटोनिनचं काम चालतं म्हणून होतं. उपाशीपोटी चहाबरोबर गोळी टाकली की जास्त होतं. आप्पा नेमकं तेच करत होते. भाकरीनंतर घ्यायला लागल्यावर आठवड्यात बसलं. काहींना पहिले दिवस बेचैनी वाढल्यासारखी वाटते, काहींना घाम जास्त येतो. साठीच्या पुढच्या माणसाला वेगळा धोका: रक्तातलं सोडियम उतरतं. सोबत बीपीची लघवी वाढवणारी गोळी आणि वर आपला उन्हाळा असेल तर अधिकच. पहिल्या महिन्यात म्हातारं माणूस गळून गेलं, बरळायला लागलं, तोल जाऊ लागला तर "वयामुळं असेल" न म्हणता रक्त तपासावं.

लातूर हे शिकवणीचं गाव, तेव्हा एक गोष्ट मुलांबद्दलही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये लहान व किशोरवयीन मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर इशारा छापायला लावला: सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ मुलांना औषध देऊ नये असा नाही. गोळी सुरू झालेल्या मुलाला पहिले काही आठवडे खोलीवर एकटं ठेवू नये आणि आठवड्याला डॉक्टरांनी पाहावं, असा आहे.

जुलैत दुसरीच अडचण निघाली. पाऊस ओढला होता आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आप्पा साडेनऊला गोळी घेत, बाराला बॅटरी घेऊन विहिरीवर जात. क्लोनाझेपामची गुंगी उतरायला रात्र पुरत नाही, आणि त्या गुंगीत विहिरीच्या कडेला उभं राहून स्टार्टरला हात लावायचा! हे ऐकून दारं धरायचं रात्रीचं काम धाकट्या भावाकडे गेलं, आप्पांकडे दिवसाचं. ट्रॅक्टरही त्या सात आठवड्यांत भावानंच चालवला. डॉक्टर "गाडी चालवू नका" म्हणतात, पण रात्रीच्या मोटारीचं कुणी विचारत नाही. ते आपणच सांगावं.

आणखी एक तक्रार आली, ती वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्यावर. तीही विचारल्यावर आली. "गोळीमुळं नवरा-बायकोच्या संबंधात काही फरक पडलाय का?" असं सरळ विचारलं, तेव्हा आप्पा खाली बघून म्हणाले, "डिसेंबरपासून." इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला फार वेळ लागणं हा या गटातल्या औषधांचा नेहमीचा त्रास आहे, बायकांनाही होतो, आणि मळमळीसारखा तो पंधरा दिवसांत जात नाही. पुष्कळ पुरुष गोळी सोडतात ते याच कारणानं, सांगतात मात्र "सवय लागेल म्हणून". उपाय असतात: थोडं थांबणं, मात्रा कमी करणं, मिर्टाझापिनसारख्या ज्यात हा त्रास कमी होतो त्या औषधावर जाणं. आप्पांनी आता कळल्यावर गोळी चालू ठेवून वाट पाहायचं ठरवलं. "गोळीचंच हाय ना? मग ठीक हाय. मला वाटलं मीच संपलो."

घरात देवऋषी, अंगारा, दंडाला दोरा, सगळं झालं होतं. त्यावर वाद घातला नाही. दोरा राहू द्या, गोळी चालू ठेवा, एवढंच. पोटात घ्यायचा काढा किंवा भस्म दिलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

पीएचक्यूचा आकडा दोन आठवड्यांनी 12, सहा आठवड्यांनी 7, ऑगस्टच्या मध्यावर 4. पाचच्या खाली आलं म्हणजे आजार शमला असं धरतात. क्लोनाझेपाम तोवर सुटलं होतं. शेवटच्या टप्प्यात चार रात्री झोप कच्ची लागली, मग लागायला लागली. आणि इथेच बहुतेक घरांत दुसरी चूक होते. वहिनींनीच विचारलं, "आता बरे झाले की हे. उरलेली पण सोडायची का?"

पहिल्यांदा आलेल्या डिप्रेशनमध्ये बरं वाटायला लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने त्याच मात्रेत औषध चालू ठेवायचं असतं. मोजणी कुठून सुरू करायची हे कुणी सांगत नाही. पहिल्या गोळीपासून नाही, बरं झाल्यापासून. आप्पांच्या मनातल्या हिशेबानं डिसेंबर ते ऑगस्ट, म्हणजे नऊ महिने भरलेच होते. खरा हिशेब ऑगस्टच्या मध्यापासून, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी ते मे. लवकर सोडणाऱ्यांचा आजार परत फिरतो आणि प्रत्येक खेपेनं पुढची खेप जवळ येते. दोन-तीनदा येऊन गेलेल्याला डॉक्टर दोन वर्षं किंवा जास्तही औषध चालू ठेवतात. "जन्मभर" हा शब्द काहींच्या बाबतीत खरा ठरतो. पहिल्याच खेपेच्या माणसाला तो आधीच ऐकवण्यात अर्थ नाही.

या लांबच्या पल्ल्यात गोळी विसरते. वहिनींनी यावर जो उपाय काढला तो कुठल्याही ॲपपेक्षा बरा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दुधाचा हिशेब लिहितात, सकाळचं अर्धा लिटर, संध्याकाळचं एक. त्याच चौकोनात खाली कोपऱ्यात गोळीची बरोबरची खूण, आणि पहाटे तीनला उठले तर एक टिंब. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाहीत. पाकिटात पाच गोळ्या उरल्या की नवी आणायची, कारण सणाच्या दिवसांत गावातलं मेडिकल बंद असतं आणि तीन दिवसांच्या खंडानं करंट परत येतो. सरकारी रुग्णालयात केसपेपरवर ही गोळी बहुधा मिळते. न मिळाली तर जेनेरिक दुकानात नाव दाखवून मागायची, कंपनी बदलली तरी चालते, फक्त औषधाचं नाव आणि मात्रा तीच हवी, आणि पुन्हा ती जोडगोळी हातात पडलेली नाही ना, हे उलटं करून बघायचं. एकदा पडली होती. "तेच हाय" म्हणून दिली होती. वहिनींनी परत केली.

कधी सोडायची याचा महिना डॉक्टर, आप्पा आणि वहिनींनी मिळून ठरवला, तो पिकांवरून. पेरणीच्या तोंडावर नाही, सोयाबीनचा भाव कोसळायचा ऑक्टोबर-नोव्हेंबर नाही. हरभरा निघाल्यावर मार्चमध्ये 10 ची 5 झाली. एप्रिलमध्ये 5 ची अर्धी. मेच्या पहिल्या आठवड्यात बंद.

सोडताना पहिल्या टप्प्यात फारसं काही होत नाही, शेवटच्या छोट्या मात्रेवरून शून्यावर येताना जास्त जाणवतं. ते आधीच सांगून ठेवलं होतं. कोणती गोळी किती छळते ते तिच्यावर असतं. मोटार बंद केली तरी पाटातलं पाणी काही वेळ वाहत राहतं. फ्लुओक्सेटिनचा पाट लांब, बंद केल्यावरही आठवडे वाहतो, म्हणून त्रास कमी. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनचा पाट आखूड, एक दिवस चुकला तरी डोकं गरगरतं. एस्सिटालोप्राम मधलं.

आप्पांना बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी चक्कर आली, दोन-तीनदा करंट बसला, नवव्या दिवसापर्यंत सगळं गेलं. या वेळी घरात कुणी घाबरलं नाही, कारण ओळखायची खूण ठाऊक होती. गोळी तोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांत येतो, अंगाला जाणवतो, बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. आजार परत फिरला तर तो आठवड्यांनी, महिन्यांनी येतो, हळूहळू, आणि तोच जुना चेहरा घेऊन: पहाटे तीन, जेवण कमी, पारावर जाणं बंद. त्रास जास्तच झाला तर मागच्या मात्रेवर जाऊन आणखी सावकाश उतरायचं असतं, दात-ओठ खाऊन सोसायचं नसतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. कॅलेंडरवर लागोपाठ चार टिंबं पडली होती. "परत आलं का म्याडम?"

जेवतात का? जेवतात. बोलतात का? "बोलायलेत की. दिवसभर आभाळाकडं बघून शिव्या द्यायलेत." पारावर? रोज. गावात अजून कुणाची झोप उडाली आहे? वहिनी थोडं थांबून म्हणाल्या, सगळ्यांचीच. मृगात एक सर पडली, त्या ओलीवर अर्ध्या गावानं पेरलं आणि वर पावसाचा पत्ता नाही. बियाणं जळेल म्हणून अख्खा गाव जागा होता. त्यांना सांगितलं: चार टिंबं लिहून ठेवायची, पण दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली बसलेलं असेल आणि सोबत ती बाकीची लक्षणं असतील, तर लगेच लातूर गाठायचं. नाहीतर ऑगस्टची ठरलेली तारीख आहेच.

पाचवं टिंब पडलं, सहावंही. सातव्या चौकोनात वहिनींनी दुधाच्या आकड्याखाली काहीच काढलं नाही. पाऊस मात्र अजून आला नव्हता.